दात फिरता ठेवा: मिलिंग मशीनच्या दातांची झीज कशी आटोक्यात ठेवावी

रस्त्याचा जुना थर खरवडून काढणाऱ्या मिलिंग मशीनच्या ड्रमवरचा कुठलाही दात दोन बोटांत धरा आणि फिरवून बघा. सहज फिरला तर तो दात आपलं आयुष्य पुरं करणार. अडला, जड वाटला किंवा एका जागी घट्ट रुतून बसलेला असला, तर तो नवाकोरा असूनही त्याचे दिवस भरलेले आहेत, आणि जाताना तो ज्यात बसवलाय तो होल्डरही घेऊन जाणार. रस्त्यांच्या मिलिंगवर फिटर म्हणून आणि पुढे मशीनची जबाबदारी सांभाळताना मी जे शिकलो, त्याचा गाभा एवढाच आहे. खाली जे काही सांगतोय ते सगळं दात फिरता राहावा यासाठी आहे.

साइटवर याला कुणी बिट म्हणतं, कुणी टूथ. मी दातच म्हणतो.

आधी दात समजून घ्या

पुढचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवाले त्याला ‘विडिया’ म्हणतात. ते नाव १९२०च्या दशकात जर्मनीत आलेल्या एका ब्रँडचं, अर्थ ‘हिऱ्यासारखं’. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने एकमेकांना बांधलेले असतात. कोबाल्ट जास्त असेल तर टोक मार सोसतं पण लवकर झिजतं. कमी असेल तर झीज कमी होते पण टोक ठिसूळ बनतं. दोन्ही गुण पुरेपूर हवेत म्हटलं तर मिळत नाहीत, आणि दात निवडतानाची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते.

हे टोक पोलादी धडावर ब्रेझिंग करून, म्हणजे मधे दुसरा धातू वितळवून, बसवलेलं असतं. धडाखाली गोल दांडा, दांड्यावर स्प्रिंगसारखी चिरलेली स्लीव्ह आणि धड नि होल्डर यांच्या मधे एक जाड वॉशर. स्लीव्ह होल्डरच्या भोकात घट्ट बसते आणि दांडा तिच्या आत मोकळा फिरतो. वॉशर होल्डरचं तोंड झिजू देत नाही. होल्डर ड्रमवर किंचित तिरका लावलेला असतो, त्यामुळे दात रस्त्याला भिडला की त्याला बाजूने रेटा मिळतो आणि तो थोडा वळतो. असा वळत वळत तो चहूबाजूंनी सारखा झिजतो, म्हणजे आपोआप धार लागत राहते. वळणं थांबलं की एकाच बाजूवर सगळा मार बसतो.

आता थोडा हिशेब करू. ड्रमचा व्यास साधारण ९८ सेंटिमीटर आणि गती मिनिटाला १०० फेरे धरली, तर दाताचं टोक सेकंदाला ५ मीटरहून थोड्या जास्त वेगाने धावतं. एक दात तासाला ६,००० वेळा रस्त्यावर आदळतो. ५ सेंटिमीटर खोलीला प्रत्येक फेऱ्यातला जेमतेम सात टक्के वेळ तो डांबरात असतो, बाकीचा सगळा वेळ हवेत. थंड व्हायला, पाणी घ्यायला आणि आजूबाजूची भुकटी झटकायला त्याला तेवढीच सवड असते. ही सवड वाया जाऊ द्यायची नाही.

पाळी सुरू होण्यापूर्वी

ड्रमजवळ जाण्याआधी इंजिन बंद, किल्ली ऑपरेटरच्या नाही तर ड्रमवर काम करणाऱ्याच्या खिशात, मशीन उचललेलं असेल तर खाली यांत्रिक टेकू. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर ड्रमखाली हात घालू नका. ड्रम फिरवायचा तर त्यासाठी दिलेल्या सहायक ड्राइव्हनेच, आणि फिरवताना कुणाचाही हात आत नाही हे तोंडाने विचारून, उत्तर ऐकून. चष्मा डोळ्यांवर हवा, कारण कार्बाइडचा कण काचेच्या तुकड्यासारखा उडतो.

मग टॉर्च घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. दातांमधे १५ मिलिमीटर अंतर असलेल्या नेहमीच्या ड्रमवर २ मीटर रुंदीत दीडशेहून जास्त दात असतात. प्रत्येकाला हात लावा. हात सरावला की पंधरा-वीस मिनिटांत होतं. न फिरणाऱ्या दातावर खडूने खूण करा, टोक उडालेल्यावर वेगळी खूण. कडेच्या दातांकडे जास्त लक्ष द्या. मधले दात फक्त खालून कापतात, कडेचे दात कापलेल्या भिंतीलाही घासत असतात आणि सगळ्यात आधी तेच जातात.

दुसरी तपासणी मशीन चालू असताना, मागच्या रस्त्यावर करायची. मिलिंग झालेल्या पृष्ठभागावर सारख्या रेघा दिसायला हव्यात. मधेच एक उंच वरंबा सरळ पुढे जाताना दिसला तर समजा, त्या ओळीतला दात तुटलाय किंवा पडलाय. लगेच थांबा. तो न कापलेला वरंबा आता रिकाम्या होल्डरवर घासतोय आणि शेजारच्या दोन दातांवर त्याचा भार पडतोय. मी शिकाऊ असताना एका रात्री असा वरंबा दिसूनही ‘एवढी लेन संपू दे’ म्हणून काम चालू ठेवलं. सकाळी एका दाताऐवजी एक होल्डर आणि तीन दात बदलावे लागले. होल्डरच्या बुडापर्यंत पोलाद घासलं गेलं होतं.

झिजलेला दात काय सांगतो

काढलेले दात थेट भंगारात टाकू नका. वीस-पंचवीस दात एका फळीवर ओळीने मांडा आणि निरखा. नवं काही विकत घेण्याआधी हे करा.

टोक चहूबाजूंनी सारखं झिजून बोथट झालं असेल, धड शाबूत असेल आणि टोक पोलादाच्या कडेला आलं असेल, तर दाताने आपलं काम चोख केलं. तुमच्या ढिगात असेच दात जास्त हवेत.

एका बाजूने तासल्यासारखा सपाट दात म्हणजे तो फिरत नव्हता. कारणं चारच असतात, आणि याच क्रमाने शोधा: होल्डरच्या भोकात भुकटी जमली आहे, त्या भागातला पाण्याचा नोझल बंद आहे, होल्डरचं भोक अंडाकृती झालंय, किंवा मशीन इतकं उथळ आणि हळू चाललं होतं की दाताला वळायला पुरेसा रेटाच मिळाला नाही. एकाच पट्ट्यातले पाच-सहा दात असे असतील तर बहुतेक वेळा दोषी नोझल असतो. ड्रमभर विखुरलेले असतील तर होल्डर बघा.

टोक ठीक, पण त्याखालचं पोलाद कंबर बारीक झाल्यासारखं खाल्लेलं, असा दात आला तर माल मऊ आणि रेताड होता. कापलेली भुकटी धडावरून वाळूच्या कागदासारखी घासत गेली. टोकाखालचा आधार संपला की चांगलं टोकही गळून पडतं. इथे रुंद बुडाचं टोक किंवा जाड धडाचा दात लागतो आणि पुढे जाण्याची गती कमी करावी लागते.

टोक तुटलेलं आणि तुटल्या जागी ताजी चमक दिसत असेल, तर मार बसलाय. शहरात याचं सगळ्यात मोठं कारण मॅनहोलची झाकणं, व्हॉल्व्हच्या पेट्या आणि जुन्या दुरुस्त्यांच्या थरांखाली पुरून गेलेलं लोखंड. काम सुरू करण्याआधी दिवसाउजेडी रस्ता चालून बघा, प्रत्येक झाकणाभोवती रंगाने चौकोन काढा, आणि जुन्या थरांखाली झाकणं गेली असतील तर वॉर्डातल्या मलनिस्सारण आणि पाणी खात्याच्या माणसांना सोबत घेऊन शोधा. एका झाकणावर ड्रम गेला की ओळीने टोकं उडतात. झाकण फुटतं ते वेगळंच.

टोकावर सापाच्या कातडीसारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं तर तो उष्णतेचा मार आहे: प्रत्येक घावाला तापणं, लगेच थंड होणं, पुन्हा तापणं. पाणी नीट नसलं की हे लवकर येतं. टोक सबंध निखळून पडलं आणि खळगा स्वच्छ दिसत असेल तर ब्रेझिंग सुटलंय. तिथेही अति तापणं हेच पहिलं कारण शोधावं, माल खराब आहे म्हणून पुरवठादाराला फोन नंतर.

दांडाच तुटला तर दाताकडे नाही, होल्डरकडे बघा. भोक ढिलं झालं की दांडा आत हेलकावतो आणि वाकून तुटतो.

दात बदलताना

जुना दात मागच्या बाजूने, त्यासाठीच्या काट्याने किंवा हायड्रॉलिक एक्स्ट्रॅक्टरने काढा. भोक पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा. हे पाऊल सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं आणि न फिरणारे निम्मे दात इथेच जन्माला येतात. भोकाच्या तळाशी बसलेली डांबरमिश्रित भुकटी सुकली की सिमेंटसारखी होते. नवा दात पूर्ण आत जात नाही, वॉशर होल्डरच्या तोंडावर सपाट टेकत नाही, आणि मधल्या फटीत खडी शिरते.

नव्या दाताचा वॉशर स्लीव्हच्या अंगावर खाली सरकवलेला असतो, कारण तो स्लीव्ह दाबून धरतो म्हणजे ती भोकात सहज शिरते. दात ठोकताना वॉशर आपोआप वर सरकून जागेवर बसतो. आधीच वर ओढून ठेवू नका, नाहीतर स्लीव्ह उघडेल आणि दात शिरणार नाही.

ठोकायला तांब्याची किंवा तशाच मऊ धातूची हातोडी घ्या. पोलादी हातोडा कार्बाइडवर मारणं म्हणजे टोकाला आतून भेग पाडणं आणि कण डोळ्याकडे उडवणं. घाईत हेल्पर हातात येईल त्या घणाने ठोकतो. त्याला रागावण्याआधी गाडीत मऊ हातोडी ठेवली आहे का, ते स्वतः बघा. ठोकून झालं की दात हाताने फिरवून बघा. फिरला नाही तर काढा, परत धुवा.

ग्रीस लावू नका. उत्पादकाने त्या दातासाठी मुद्दाम सांगितलं असेल तेवढाच अपवाद. दगडाची भुकटी आणि ग्रीस मिळून घासणारा लेप तयार होतो, आणि तो तासाभरात दांडा जाम करतो. या दाताचं वंगण पाणी हेच आहे.

एक नवा दात अर्ध्या झिजलेल्या दातांच्या मधे बसवला की तो उंच राहतो आणि एकटाच मार खातो. म्हणून मी बरे असलेले अर्धे वापरलेले दात वेगळ्या डब्यात ठेवतो आणि जुन्या ओळीत तेच बसवतो. बारीक मिलिंग असेल, म्हणजे पृष्ठभागाची पोत महत्त्वाची असेल, तर मात्र सगळा सेट एकदम बदलावा.

पाणी

दाताला थंड ठेवणं, फिरतं ठेवणं आणि धूळ दाबणं ही तिन्ही कामं पाणीच करतं, आणि आपल्याकडे साइटवर सगळ्यात आधी हात आखडतो तो पाण्यावरच. टँकर उशिरा येतो, टाकी अर्धी असते, मग ‘जरा कमी सोड’. याची किंमत दातांमधून वसूल होते. टँकर मशीनपेक्षा आधी साइटवर हवा, आणि त्याची व्यवस्था त्याच दिवशी दुपारी पक्की करायची.

पाणी विहिरीचं किंवा नाल्याजवळचं असेल तर त्यात गाळ येतोच. टाकीचा फिल्टर रोज धुवा. नोझल काढून उजेडात धरा, भोक आरपार दिसलं पाहिजे. तारेने खुपसू नका, भोक मोठं होऊन फवाऱ्याचा आकार बिघडतो. हवेने फुंका किंवा सरळ नवा लावा. आठवड्यातून एकदा ड्रमचं मागचं दार उघडून, ड्रम थांबलेला असताना, पंप चालू करून फवारा बघा: पंखा एकसंध हवा, आणि शेजारच्या दोन नोझलचे पंखे एकमेकांवर आले पाहिजेत. पाणी ड्रम टेकण्याआधी सुरू झालं पाहिजे. तापलेल्या टोकावर उशिरा पाणी सोडलं तर त्या सापकातडीच्या भेगा पडतात.

धुळीचं दाताशी नातं नाही असं कुणी समजू नये. खडीत क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं कठीण खनिज, असेल तर सुक्या मिलिंगची धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर औषध नाही. मशीनमागे झाडू घेऊन चालणारी माणसं ती धूळ सगळ्यात जास्त खातात, आणि त्यांच्यासाठी तरी पाणी पूर्ण सोडलंच पाहिजे.

गती आणि खोली

मिनिटाला १० मीटर गतीने मशीन चाललं आणि ड्रम १०० फेऱ्यांवर असेल, तर एका फेऱ्यात मशीन १० सेंटिमीटर पुढे जातं. तीच गती २ मीटरवर आणली तर २ सेंटिमीटर. म्हणजे तेवढंच डांबर काढायला दाताला पाचपट वेळा आपटावं आणि घासावं लागलं. म्हणून ‘हळू चालवलं की दात वाचतात’ हा समज नेहमी खरा नसतो. फार हळू चाललं की दात कापत नाही, घासतो. तापतो, वळत नाही आणि सपाट होतो. फार जोरात चाललं की धड घासलं जातं आणि होल्डरवर भार येतो. मधली गती इंजिनच्या आवाजावरून आणि कापलेल्या मालावरून ओळखायची: तुकडे आणि भुकटी असं मिश्रण हवं. सगळी पीठासारखी भुकटी येत असेल तर दात बोथट आहेत किंवा गती फार कमी आहे.

ड्रमचे फेरे बदलता येत असतील तर जिथे पोत चालून जाते तिथे कमी फेऱ्यांवर काम करा. दातांचा खप लक्षात येण्याइतका उतरतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक रस्त्यांची खडी बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची. त्यात क्वार्ट्झ फारसं नसतं, त्यामुळे घासण्याची झीज ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कमी. पण दगड चिवट असतो आणि मार मोठा बसतो. दक्षिण कोकणातून गोव्याकडे किंवा पूर्व विदर्भात काम घेतलं की दगड बदलतो, खडी बदलते, आणि पुण्यात चाललेला दात तिथे तसाच चालेल असं नाही. पहिल्या रात्री दोन प्रकारचे दात ड्रमच्या दोन अर्ध्या भागांत लावून बघा. कॅटलॉगपेक्षा ही चाचणी खरी.

काँक्रीटसाठी मार सोसणारं टोक, डांबरासाठी रुंद बुडाचं टोक, एवढा ढोबळ नियम. हिऱ्याच्या टोकाचे दात मिळतात, किंमत कितीतरी पट असते, डांबरात फार दिवस धार धरतात. पण लोखंडाची एक ठोकर त्यांना पुरते, त्यामुळे झाकणांनी भरलेल्या शहरी गल्लीत मी ते लावणार नाही. मोकळ्या लांब महामार्गावर विचार करावा.

होल्डर आणि ड्रम

दात स्वस्त, होल्डरचा वरचा भाग त्याहून महाग, आणि ड्रमला वेल्ड केलेलं बूड सगळ्यात महाग, कारण ते बदलताना कोन बिघडला की तिथला प्रत्येक पुढचा दात वाकडा झिजणार. त्यामुळे दात एक दिवस आधी बदलला तरी नुकसान नाही, एक तास उशिरा बदलला तर आहे.

होल्डरच्या तोंडावर वॉशरने खोल चर पाडला असेल किंवा झिजेची खूण संपली असेल तर वरचा भाग बदला. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि काही तासांनी परत तपासा. नवा होल्डर पहिल्या धक्क्यांत बसतो आणि बोल्ट सैल पडतो.

माल पट्ट्यावर फेकणाऱ्या पाट्या, कडेच्या पट्ट्या आणि होल्डरचं अंग यांवर झीजरोधक वेल्डिंग करता येतं. आधी पोलाद गरम करून घ्या, थर पातळ ठेवा, आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ, ड्रमवरच लावा. तो लांब चॅसिसवर लावला तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग आतून जळतं. मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दलच्या सूचना वेल्डिंगआधी वाचाव्यात.

खाणीत काय बदलतं

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या माझ्या मित्रांशी बोलताना कळतं की सरफेस मायनर (उघड्या खाणीत कोळसा खरवडणारं मशीन) किंवा रोडहेडर (भूमिगत खाणीत बोगदा कापणारं मशीन) यांचे दात मोठे असले तरी तत्त्व हेच: फिरता ठेवा, पाणी द्या, होल्डर वाचवा. पण भूमिगत कोळशात एक गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. बोथट दात कोळशाच्या थराबाहेर वालुकाश्मात गेला की क्वार्ट्झ आणि पोलाद यांच्या घर्षणाने लालभडक पट्टा उठतो, आणि हवेत मिथेन असेल तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून तिथे दाताच्या मागून, नेमकं कापलेल्या रेषेवर पाणी सोडतात. बोथट दात श्वासात जाणारी बारीक धूळही जास्त करतो. भूमिगत खाणीत दात बदलायला थांबणं म्हणजे उत्पादन बुडणं असं जो म्हणतो, त्याला त्या पट्ट्याचं तापमान समजलेलं नाही.

पाळी संपताना

पहाटे ट्रक निघून गेले की ड्रम धुवा. दाबाच्या पाण्याने, ओळीओळीने, दात आणि होल्डर यांच्या फटीत धार मारून. रात्रभराची ओली भुकटी दुपारच्या उन्हात दगड होते आणि दुसऱ्या रात्री अर्धे दात जाम सापडतात. दहा मिनिटं लागतात. धुतल्यावर पुन्हा एकदा हात फिरवा.

मग वहीत चार आकडे लिहा: किती चौरस मीटर, किती खोली, किती दात बदलले, किती होल्डर. समजा २,००० चौरस मीटर ५ सेंटिमीटरने खरवडलं, म्हणजे १०० घनमीटर. ५० दात गेले असतील तर दातामागे २ घनमीटर. हा आकडा तुमच्या मशीनचा, तुमच्या दगडाचा. दोन-तीन आठवड्यांत तो एकाएकी उतरला तर दात खराब आले असं मानण्याआधी फिल्टर उघडा. शेजारी बदलण्याचं कारणही एका शब्दात लिहा: सपाट, तुटका, कंबर, पूर्ण. महिन्याअखेर ‘सपाट’ जास्त असतील तर पाणी आणि सफाई, ‘तुटका’ जास्त असतील तर झाकणं आणि गती.

काढलेले दात साध्या लोखंडी भंगारात घालू नका. टंगस्टन महाग आहे आणि कार्बाइडवर प्रक्रिया करून ते परत वापरलं जातं. वेगळ्या डब्यात साठवून कार्बाइड घेणाऱ्यालाच द्या. आमच्याकडे त्या पैशातून पुढच्या नोझलचा सेट येतो.